लागोपाठ चार दिवस

स्टुडिओचं दार खांद्यानं ढकलावं लागायचं. आवाज आतबाहेर होऊ नये म्हणून त्याच्यावर दोन्हीकडून जाड फोम चढवलेला होता, आणि ते वजन झेलता झेलता बिजागऱ्या खाली बसल्या होत्या. नवीन माणूस पहिल्या दिवशी त्या दाराशी झटायचा, आठवड्यानं त्याच्यावर चिडायचा, आणि पुढं कधीतरी त्याचा उजवा खांदा आपोआप पुढं व्हायला लागायचा. नीलिमाचा खांदा आताशा घरच्या दारापाशीही पुढं व्हायचा. तेव्हा तिला स्वतःचाच राग यायचा.

नीलिमा ब्रह्मपुरीची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आवड गवतांची. मनासारखं काम मिळेपर्यंत म्हणून ती चंद्रपूरच्या या छोट्या बातम्यांच्या वाहिनीत आली आणि डेस्कवर बसली. आलेली बातमी तपासायची, नीट लिहून काढायची, वाचणाऱ्यासमोरच्या पडद्यावर चढवायची. काम वाईट नव्हतं. खोलीला खिडकी नव्हती, एवढंच. बाहेर ऊन आहे की ढग आलेत हे तिला हवामानाच्या बातमीवरून कळायचं, आणि ती बातमी तिनंच लिहिलेली असायची.

मग चार्टचं झालं. कोणी कधी यायचं आणि कोणाला कधी सुटी, हा ड्यूटी चार्ट तेव्हा संपादक अजयभाऊ पेन्सिलीनं काढायचे आणि त्यावरून दर आठवड्याला भांडण ठरलेलं. प्रणित पॅनलवर बसायचा, म्हणजे कुठला कॅमेरा केव्हा दाखवायचा ते बटणांवर ठरवायचा. तो एकदा कागद फडफडवत आला. "भाऊ, मले एकाच टायमाले पॅनलवर बी बसवलं आन् कॅमेरा घेऊन राजुऱ्याले बी पाठवलं. कमरेवरचा भाग कुठी पाठवू, तेवढं सांगून द्या."

सगळे हसले. नीलिमा मात्र कागदाकडं बघत राहिली. कोणाला काय काम येतं, कोण कोणत्या वेळी येऊच शकत नाही, कोणामागून कोण आलं तर चालतं, एवढं आधी मांडून घेतलं तर बाकीचं आपोआप सुटत जाणार होतं.

"भाऊ, मी करून पाहू?" तिनं विचारलं.

हौसेनं विचारलेला तो एक प्रश्न तिला चार वर्षं पुरला.

तिनं चार्ट केला आणि भांडणं थांबली. पुढं मालकांनी त्यासाठी एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात रिकामी राहिलेली चौकट लाल व्हायची, आणि एक जरी चौकट लाल असली तरी चार्ट पुढं जायचा नाही. दर वेळी कुठंतरी अडायचंच. अडलेल्या चौकटीत बसू शकेल असं एकच नाव शेवटी उरायचं, आणि ते चार्ट करणारीचं असायचं. ती ते टाकायची. चौकट हिरवी व्हायची. असं करता करता तिच्या दोन मुलाखती हुकल्या, आणि शाळेपासूनच्या मैत्रिणीचं लग्नही.

या वर्षी मात्र मुलाखत नेमकी तिच्या ऑफच्या दिवशी आली. ती गेली आणि निवड झाली. नागपूरच्या एका संस्थेचा गवतांच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प होता. उन्हाळ्यात प्रशिक्षण, आणि पाऊस पडला की माळामाळानं, जंगलाच्या कडेकडेनं हिंडायचं. गवत ओळखायचं, नोंदवायचं. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं आणि सोबत आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. नाही आलात तर पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं.

अजयभाऊंनी पेढा खाल्ला. कागदाला बोटं पुसत म्हणाले, "पत्र देतो ना. काऊन नाई देनार? पन तू गेली तं चार्ट लाल होईन आन् मालक माह्यी मान धरतीन. एक काम कर. एप्रिल महिना तुह्या नावाशिवाय चालवून दाखव. तू इथीच बस, प्रणितले चार्ट शिकव, पन चार्टात तुह्यं नाव नको. महिना सुखरूप गेला की मी सही करतो."

खरं सांगायचं तर नीलिमाला ती अट आवडली. तो एक प्रयोगच होता. एक घटक काढून घ्यायचा आणि बाकीची रचना उभी राहते का ते बघायचं. ती घरी जाताना गुणगुणत गेली.

रचनेत एक भगदाड आधीच होतं. मराठी बातम्या वाचणारी स्वाती बाळंतपणाच्या रजेवर होती, ती जून संपताना येणार. तिची कामं राहिलेल्यांत वाटली तेव्हा सर्वांत मोठा वाटा बुधरीकडं गेला. बुधरी भामरागडची, खरं म्हणजे भामरागडच्याही पुढची, पर्लकोटा नदीपलीकडच्या एका माडिया गावातली. आश्रमशाळेत शिकली, अहेरीला बी.ए. झाली. संध्याकाळचं गोंडी बुलेटिन ती वाचायची, आणि डेस्क इतकं स्वच्छ सांभाळायची की तिनं लिहिलेलं नीलिमाला तपासावं लागत नसे. नीलिमानं तिला दर आठवड्याला न चुकता एक ऑफ ठेवला. कोणाहून कमी नाही, कोणाहून जास्त नाही.

"तुला काही अडचण?" चार्ट लावण्याआधी तिनं बुधरीला विचारलं होतं.

बुधरीनं चार्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. "लाल झालं तं तुमचं पत्र अडते ना, ताई?"

"हो."

"मंग काई अडचन नाई."

दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा, म्हणजे शनिवारपासूनचा, चार्ट छापून भिंतीवर लागायचा. बुधरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची, आपली ओळ वाचायची, आणि फोन घेऊन जिन्यात जायची. गावात रेंज नव्हती. शुक्रवारी तिचा भाऊ नदी ओलांडून अलीकडं, जिथं रेंज मिळते तिथं, येऊन बसायचा. नीलिमाला वाटायचं, पोरगी घरची खुशाली विचारते.

एप्रिल अर्धा सरला आणि ऊन असं तापलं की लोक स्टुडिओत काम नसताना येऊन बसायला लागले. एका दुपारी प्रणितच्या आईनं डबाभर पन्हं पाठवलं. पेले फिरले. बुधरीनं आपला पेला हळूच पुढं सरकवला.

"घे ना वो," प्रणित म्हणाला. "माह्या मायनं केलं. जहर नाई टाकलं, गूळ टाकला."

"आमचा पंडुम नाई झाला अजून."

"थे काय असते?"

"मरका पंडुम. आंब्याचा. थो झाल्याबिगर नवा आंबा खात नाई आमी. कैरी बी नाई. गायता पयला आंबा देवाले देते, मंग गाव खाते."

गायता म्हणजे गावचा पुजारी, आणि बुधरीच्या गावचा गायता तिचाच आजा होता, लालसू. ती त्याला तादो म्हणायची. हे सगळ्यांना माहीत होतं. नीलिमाच्या डोक्यात मात्र दुसरीच घंटा वाजली. सण म्हणजे रजा. रजा म्हणजे लाल चौकट.

"कधी आहे पंडुम?" तिनं जमेल तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

"तादो सांगन तवा."

"तारीख?"

"तारीख नसते, ताई."

"सांग म्हना त्या सॉफ्टवेअरले, तारीख नसते," प्रणित म्हणाला. "पागल होऊन कपडे फाडन थे."

नीलिमा हसली नाही. तारीख नसते म्हणजे काहीतरी खूण असणार, आणि खूण असेल तर ती मोजता येणार, असं तिचं शिक्षण तिला सांगत होतं. तिनं बुधरीला छेडून छेडून विचारलं. तादो काय पाहतो? झाडाखाली जाऊन पाहते. झाडाखाली काय पाहतो? आंबा पाहते, ताई, दुसरं काय पाहीन! मागच्या सालांचे पंडुम कधी झाले तेही तिनं काढून घेतलं. त्या दिवसांच्या आगेमागे आपण कोणत्या बातम्या वाचल्या होत्या यावरून बुधरीनं ते बरोबर आठवून सांगितले. सगळे एकमेकांच्या जवळपासचे होते. नीलिमाला खात्री वाटली. कैरीत कोय धरली, कडक झाली, की गायता पंडुम ठरवत असणार.

मग इमारतीमागच्या झाडाच्या कैऱ्या ती एक दिवसाआड डेस्कवर आणायला लागली. पात्यानं मधोमध कापायच्या आणि बघायचं. आधी पातं लोण्यातून जावं तसं जायचं. मग मध्ये जरा अडखळायला लागलं. एक दिवस कट्ट आवाज झाला आणि ते अडलंच. तिनं हिशेब केला. पंडुम येत्या आठवड्यात. त्या आठवड्यात बुधरीनं रजा मागितली तर काय करायचं, या विचारानं तिची झोप उडाली.

बुधरीनं रजा मागितली नाही. आठवडा गेला. आजूबाजूच्या गावांचे पंडुम होत गेले. त्या बातम्या गोंडी बुलेटिनमध्ये बुधरीच वाचत होती. तिच्या गावाचा मात्र झाला नव्हता, कारण पन्ह्याचा पेला अजून तसाच सरकवला जात होता.

"तुमच्याकडचा आंबा उशिरा धरतो का?" नीलिमानं न राहवून विचारलं.

"नाई. पडून राह्यला आता पिकून पिकून."

"मग?"

बुधरी नुसती हसली आणि बुलेटिनचे कागद घेऊन आत गेली. आपलं अनुमान चुकलं, आणि का चुकलं ते कळत नाही, हे नीलिमाला पत्राच्या काळजीइतकंच टोचत राहिलं.

एप्रिल संपला. महिनाभरात एकही चौकट लाल झाली नव्हती. अजयभाऊंनी तिला खोलीत बोलावून पत्र दाखवलं. टाइप झालेलं होतं, सही तेवढी बाकी होती.

"सनिवारी तुह्या शेवटचा दिवस. जाताना घेऊन जा," ते म्हणाले. मग जरा इकडंतिकडं बघून म्हणाले, "मालकाले दाखवला मी तुह्या चार्ट. खुश झाले. म्हनाले, तिच्याबिगर महिना चालला तं मंग तिच्या जागी मानूस कायले घ्याचा?"

"म्हणजे नवीन कोणी येणार नाही?"

"तूच तं सिद्ध केलं बाप्पा."

नीलिमाला क्षणभर कसंसंच झालं. पण पत्र समोर होतं, आणि सोमवार दोन हातांवर आला होता. ती चार्टाकडं परत गेली.

शुक्रवारी दुपारी मे महिन्यातला पहिला चार्ट भिंतीवर लागला. बुधरीनं आपली ओळ वाचली आणि फोन घेऊन ती जिन्यात गेली. नीलिमाही तिच्यामागून गेली. कारण काही नव्हतं. उद्यानंतर हा जिना सुटणार, म्हणून तिला तिथं उभं राहावंसं वाटलं. जिन्यात झरोका होता. त्यातून झळ येत होती आणि बाहेरच्या रसाच्या गाडीवरची घुंगरं ऐकू येत होती. बुधरी पायरीवर बसून गोंडीत बोलत होती. बोलता बोलता तिनं मान वर केली.

"ताई, तादो आला आज नदीच्या अलीकडं. स्वतः. तुमच्याशी बोलतो म्हनते."

"माझ्याशी?"

बुधरीनं फोनचा आवाज मोठा केला.

"जोहार, बाई." आवाज म्हातारा होता आणि मोठा, मधलं अंतर आवाजानंच कापायचं आहे अशा बेतानं तो बोलत होता.

"जोहार, आजोबा."

"तू गेली का वो?"

"कुठं?"

"तुह्या कामाले. गवताच्या."

नीलिमानं बुधरीकडं पाहिलं. बुधरी पायाच्या अंगठ्यानं पायरीवरची धूळ सारत होती. "सोमवारी जाणार आहे, आजोबा."

"बेस झालं. तू जाय. मंग आमची पोरगी येईन, मंग आमी आंबा फोडू." पलीकडं कोणीतरी काही बोललं, लालसू त्याला गोंडीत दटावून पुन्हा फोनवर आला. "घाई नाई, बाई. तुह्यं काम आधी. आंबा झाडालेच हाये."

फोन बंद झाल्यावर नीलिमा वरच्या पायरीवर बसली.

"हे काय आहे, बुधरी?"

"काय असन? तादो विचारत होता."

"माझ्या जाण्याचा आणि तुमच्या आंब्याचा काय संबंध?"

मग बुधरीनं सांगितलं. सरळ, बातमी सांगावी तसं. घरचं माणूस कमी असलं तर तादो आंबा फोडत नाही. इतर गावांचं तिला माहीत नाही, पण तिच्या तादोचं असं आहे. ती चंद्रपूरला नोकरीला लागल्यापासून दर उन्हाळ्यात नीलिमा तिला लागोपाठ चार दिवस द्यायची. एक जायला, एक यायला, मधले दोन गावात. चार्ट भिंतीवर लागला की ती फोन करायची, आणि तादो मग गावाला सांगायचा की अमक्या दिवशी पंडुम.

नीलिमाला ते ऐकताना हसू येईल की रडू हे कळेना. पंडुम येतो म्हणून बुधरी रजा घेते, असं ती समजत होती. बाण उलटा होता. बुधरीची रजा लागते म्हणून पंडुम यायचा. मागच्या सालांच्या ज्या तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ म्हणून ती खूश झाली होती, त्या आंब्यानं नव्हे, तिनंच ठरवल्या होत्या. कैऱ्या कापून कापून ती स्वतःचाच चार्ट वाचत होती.

"आणि या वर्षी?"

"या वर्षी एकेक दिवस भेटला." बुधरीच्या आवाजात तक्रार नव्हती. "एका दिवसात आलापल्लीपर्यंत जाऊन येनं होते, ताई. गाव नाई होत."

"मागितलं का नाहीस? मी दिले नसते का?"

"दिले असते. मंग लाल झालं असतं. तुमी कितीक वर्षांपासून जाऊ जाऊ करून राह्यल्या, मी पाहतो ना. तादोले सांगतलं, आमच्या ताईचं पत्र अडते, एक महिना थांबा. तादो म्हनला, थांबू."

"सगळं गाव?"

"लेकरं खात असतीन चोरून." ती हसली. "माह्या भावाची पोरगी म्हनते, चंद्रपूरची बाई कवा जाते, कवा जाते. तिले वाटते तुमीच झाडाखाली बसल्या काठी घेऊन."

नीलिमाला हसावं लागलं. मग तिनं विचारायचा तो प्रश्न विचारला. "आणि मी गेल्यावर तुला चार दिवस कसे मिळणार?"

"तुमच्या जागी नवीन मानूस येईन ना," बुधरी म्हणाली. "मंग भेटतीन."

नीलिमा उठली. मला काम आहे म्हणाली आणि वर गेली.

डेस्कवर बसून तिनं मे महिन्याचा चार्ट उघडला, मग जूनचा. हे दोन महिने तिनं आधीच रचून ठेवले होते, प्रणितला सोपं जावं म्हणून; आणि ते इतके घट्ट बसवले होते की तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. आता ती त्यात चार दिवस शोधायला लागली. लागोपाठचे चार. बुधरीला इथून काढलं तर तिथं लाल, तिथं दुसरं कोणी घातलं तर त्याच्या मागचं लाल. गाठ कुठूनही ओढली तरी दुसरीकडं आवळत होती. स्वाती येईपर्यंत ते चार दिवस नव्हते. स्वाती येईल तोवर पाऊस लागलेला असेल, आणि आंबे कुजून मातीत गेलेले असतील. चार दिवस निघत होते ते फक्त उद्यापासूनचे, आणि त्यांत बसायला एकच माणूस मोकळं होतं, ज्याचं नाव महिनाभर चार्टात नव्हतं.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार.

तिनं प्रकल्पाच्या कार्यालयात फोन लावला. बुधवारी हजर झाले तर चालेल का? पलीकडच्या बाई सभ्यपणे बोलल्या. सोमवारी सगळ्यांना एकत्र पाठवायचं आहे, गाडी ठरली आहे, यादीतल्या पुढच्या मुलाचा रोज फोन येतो आहे. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही येताय ना नक्की?"

"कळवते," नीलिमा म्हणाली.

ती पॅनलच्या खोलीत गेली. "प्रणित, तीन-चार दिवस दुपारी डेस्क पाहशील? पॅनल सांभाळून?"

"डेस्क तिकडच्या खोलीत, पॅनल इकडच्या. मधात तुह्यं हे दार." त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि त्याचा चेष्टेचा सूर गेला. "काय झालं वो? पत्र नाई देत का भाऊ?"

"देताहेत."

"मंग घे आन् पळ. मी राह्यलो असतो तुह्या जागी तं मांगं वळून पाह्यलं नसतं."

शेवटी ती अजयभाऊंकडं गेली. सगळं ऐकता ऐकता ते टेबलावरची पिन सरळ करत होते.

"भाऊ, तुम्ही पूर्वी डेस्क करायचे. चार दिवस तुमचं नाव टाकू का?"

"टाक," ते म्हणाले. तिला खरं वाटेना. "खरंच सांगतो. टाकून पाहाय."

तिनं त्यांच्याच संगणकावर चार्ट उघडला. नावांची यादी खाली आली. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली. अजयभाऊंचं नाव त्यात नव्हतं.

"नाईच हाये," ते म्हणाले. "मालकानं घातलंच नाई. संपादक डूटीवर नसते म्हने, संपादक कायम असते. म्हनून मले ऑफ बी नाई भेटत." ते हसायला गेले आणि ते जमलं नाही. त्यांनी खण उघडून पत्र काढलं, सही केली, तिच्यापुढं ठेवलं. "तू काऊन मनाले लावून घेतं? तुह्यी चूक नाई, कोनाचीच नाई. हे घे आन् सोमवारी जाय. एका साली आंबा नाई खाल्ला म्हनून कोनी मरत नाई."

ते खोटं बोलत नव्हते. नीलिमानं पत्र घेतलं आणि ती डेस्कवर परत आली. पत्रावर तिचं नाव होतं, आणि या तारखेपासून त्यांना सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त करण्यात येत आहे, असं एक चांगलं, चूक काढायला जागा नसलेलं वाक्य होतं. तिनं ते दोनदा वाचलं. म्हाताऱ्यानं एकदा जरी म्हटलं असतं की पोरीला पाठवा, तर तिला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणण्याचं तिच्याकडं कारण होतं, पत्र होतं. पण तिच्याकडं कोणी काही मागितलंच नव्हतं. उलट, तुह्यं काम आधी, असं सांगून एक अख्खं गाव झाडाखाली बसलं होतं.

तिनं पत्र कीबोर्डखाली सरकवलं. चार्टात बुधरीच्या ओळीत गेली आणि चार चौकटींतून तिला काढून टाकलं. चारही लाल झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्या लाल चौकटींकडं थोडा वेळ तसंच पाहिलं. मग पहिलीत स्वतःचं नाव टाकलं. दुसरीत टाकलं. सोमवारच्या चौकटीवर बोट थांबलं. नंतर तिथंही टाकलं, आणि मंगळवारी. चार्ट हिरवा झाला आणि पुढं गेला.

छापलेला नवा कागद तिनं जुन्यावरच चिकटवला. बुधरी बुलेटिनच्या तयारीत होती. तिला हाताला धरून तिनं भिंतीपाशी आणलं. बुधरीनं सवयीनं आपली ओळ वाचली. मग तिची नजर वर सरकली आणि ती दुसऱ्या ओळीवर थांबली.

"ताई, हे तं तुमचं नाव."

"तू तुझी ओळ वाच. गोंडी बुलेटिन आज रात्री पुढचे रेकॉर्ड करून ठेवू. सकाळच्या गाडीनं नीघ."

"सोमवारी बी तुमचंच नाव हाये."

"हो."

"तुमी सोमवारी जानार होत्या."

"मागून जाईन कधीतरी."

"कवा?"

नीलिमानं चार्टाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "नवीन माणूस येणार नाही, बुधरी," ती म्हणाली. "मी चार्ट फारच चांगला केला."

बुधरीला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं मान हलवायला सुरुवात केली. "नाई, ताई. मी नाई जात. असं कसं?"

"मग मी तिथं झाडाखाली काठी घेऊन किती दिवस बसू?"

बुधरी हसली नाही. "तसं नाई. तुमाले तादो माहीत नाई. थो मले पयलेच विचारन, ताई गेली का. नाई म्हनलं तं थो आंबा नाई फोडनार. तुह्यं काम आधी म्हनला ना तुमाले? एकदा म्हनला तं म्हनला. मी तिथी जाऊन उभी राह्यली तरी नाई फोडनार."

आता मात्र नीलिमा खरोखर थकली. इतक्या वेळात तिनं जेवढी दारं ढकलून पाहिली होती, त्यांतलं हे सर्वांत जड होतं. प्रणित, मालक, सॉफ्टवेअर, सोमवारची गाडी, सगळ्यांचं तिला कळत होतं. हा एक म्हातारा तिच्या भल्यासाठी तिला अडवून बसला होता.

"तुझा भाऊ अजून नदीच्या अलीकडंच असेल?"

"संध्याकाळपर्यंत राहते. तादो बी हाये."

"फोन लाव."

दोघी पुन्हा जिन्यात गेल्या. झरोक्यातली झळ आता जरा निवली होती. बुधरीनं फोन कानाला लावला, या वेळी आवाज मोठा न करता. ती गोंडीत काही बोलली. मग ऐकत राहिली. तिनं एकदा नीलिमाकडं पाहिलं आणि नजर वळवून झरोक्याबाहेर नेली. पलीकडून प्रश्न आला होता, हे नीलिमाला गोंडी न येताही कळलं. बुधरीनं एक शब्द उच्चारला. एकच. मग फोनमधून एकदम बरेच आवाज आले, त्यांत लहान पोरांचेही होते, आणि बुधरीनं डोळे पुसून फोन बंद केला.

"काय सांगितलंस?"

"आजच गेली का, विचारलं तादोनं. गेली म्हनून सांगतलं, ताई."

वरून दाराच्या फटीतून प्रणितचा आवाज आला. बुलेटिनची वेळ होत आली होती आणि पडद्यावर मजकूर चढला नव्हता. "डेस्कवर कोन हाये गा? कोनी हाये का नाई?"

"आले," नीलिमा म्हणाली. पायऱ्या चढून ती दाराशी गेली, आणि उजवा खांदा आपोआप पुढं झाला.